थंडीतली गस्त आणि पायातला बूट

दिवाळी सरली की रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात दोन कागद फिरू लागतात. पहिला कागद थंडीतल्या रात्रगस्तीचा. तो वेळेवर निघतो, वेळेवर सेक्शनवर पोचतो आणि त्याची अंमलबजावणी झाली की नाही हे पाहायला साहेब रात्री दोन वाजता स्वतः लाईनवर येतात. दुसरा कागद गस्तीवाल्यांच्या बुटांचा. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून स्टोअरमध्ये, स्टोअरमधून टेंडरमध्ये असा प्रवास करीत राहतो आणि होळीच्या सुमारास बूट येतात. तेव्हा रुळावर ऊन तापायला लागलेले असते. सगळीकडे असेच होते असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या इतक्या वर्षांच्या कामात हे इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला अपवाद म्हणणे अवघड आहे.

बूट उशिरा येतात ही तक्रार जुनी आहे आणि ती आम्ही पीएनएमच्या बैठकीत मांडतच असतो. आज आम्हाला त्यापुढची गोष्ट बोलायची आहे. बूट वेळेवर आले तरी ते कुणी निवडले, कोणाच्या पायाच्या मापावर निवडले आणि कोणत्या कामासाठी निवडले, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाकडे प्रशासनाने जसे दुर्लक्ष केले, तसे आपल्या संघटनांनीही पुरेसे लक्ष दिलेले नाही.

गस्त कशासाठी?

आपल्यातले जे बंधू ऑफिसात, वर्कशॉपमध्ये किंवा तिकीट खिडकीवर काम करतात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंड थंडीने आखडते. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान तीस अंशांनी उतरले, तर तो सुमारे ३५ सेंटीमीटरने आखूड होईल. पण आजचा रूळ मोकळा नसतो. तो वेल्डिंगने जोडलेला आणि स्लीपरला जखडलेला असतो. त्याला आखडता येत नाही, म्हणून तो आतल्या आत ताणला जातो. मीटरला साठ किलो वजनाच्या रुळात अशा वेळी पन्नास टनांहून अधिक ओढ निर्माण होते. वेल्डिंग कच्चे असले किंवा रुळाला आतून चीर असली, तर तो तिथेच तुटतो, आणि बहुधा पहाटेपूर्वीच्या कडाक्याच्या थंडीत तुटतो. म्हणूनच सर्व जग पांघरुणात असते त्या वेळी आपला गस्तीवाला हातात बत्ती, खांद्याला पाना-हातोडा, झेंड्या आणि फटाके घेऊन अंधारात रूळ पाहात चालतो. एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटरची चाल होते. त्याची नजर एका बोटाच्या फटीवर असावी लागते आणि कान मागून येणाऱ्या गाडीकडे.

ज्याच्या पायाची बोटे बधिर झाली आहेत, ज्याचे लक्ष टाचेच्या फोडाकडे आहे, त्याची नजर त्या फटीवर कशी राहणार? मागून गाडी आली तर तो खडीवरून किती चपळाईने बाजूला होणार? बूट हा प्रश्न कामगाराच्या जिवाचा आहे आणि गाडीत झोपलेल्या दीड हजार उतारूंच्या जिवाचाही आहे. गस्तीवाला कुठे चालतो हे कळावे म्हणून त्याच्याजवळ जीपीएसचे यंत्र दिले गेले. त्याला आमचा विरोध नाही. पण तो कशात चालतो, हे पाहणारे यंत्र अजून कुणी काढलेले नाही.

पाय गार का पडतात?

बूट ऊब तयार करीत नाही. ऊब आपल्या रक्ताची असते. बूट ती फक्त धरून ठेवतो, आणि तीही बुटाच्या चामड्यामुळे राहत नाही, बुटाच्या आत कोंडलेल्या कोरड्या हवेमुळे राहते. ही एक गोष्ट समजली की बाकीच्या आपोआप समजतात.

बूट घट्ट असला की हवा राहत नाही आणि बोटांचे रक्त अडते. म्हणून घट्ट बुटात दोन मोजे घालणाऱ्याचे पाय सैल बुटात एक मोजा घालणाऱ्यापेक्षा लवकर गारठतात. बूट आतून ओला झाला की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी ऊब फार वेगाने ओढून नेते. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी बर्फ पडत नाही म्हणून धोका नाही असे समजू नये. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात धुके असते, लाईनच्या कडेच्या गवतावर दव असते. आपल्याकडे निफाड, जळगाव, नागपूर या पट्ट्यांतही पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. दवाने बाहेरून आणि घामाने आतून बूट भिजतो.

ओल्या गारठ्यात पाय खराब व्हायला पाणी गोठावे लागत नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय असेच नासले. त्यांत आपल्या देशातून नेलेले शिपाईही होते. पाय सुजत, बधिर होत, फोड येत आणि काहींचे पाय कापावे लागले. पुढे ब्रिटिश सैन्यात रोज मोजे बदलायचे, पाय चोळायचे आणि शिपायांचे पाय तपासण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची, असा दंडक घातला गेला, तेव्हा ही पीडा बरीच आटोक्यात आली. १९६२ च्या युद्धातही नेफाच्या डोंगरांत आपल्या अनेक जवानांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. त्याची किंमत देशाने मोजली. सैन्याने त्यातून धडा घेतला. रेल्वेच्या पायदळाला, म्हणजे आपल्या गँगला, तो धडा अजून लागू झालेला नाही.

चालणाऱ्याचा बूट वेगळा, थांबणाऱ्याचा वेगळा

प्रशासनाच्या इंडेंटमध्ये ‘बूट, नग इतके’ एवढेच असते. पण थंडीत लाईनवर दोन प्रकारचे कामगार असतात आणि दोघांना एकच बूट देणे म्हणजे दोघांवरही अन्याय करणे आहे.

चालणारा, म्हणजे गस्तीवाला आणि चावीवाला. त्याचे शरीर चालण्याने तापते, पायाला घाम येतो. त्याला फार जाड अस्तराचा बूट दिला तर पहिल्या पाच किलोमीटरमध्ये मोजे भिजतात आणि मग विश्रांतीला बसला की पाय बर्फासारखे होतात. त्याचा बूट हलका हवा, घोट्याच्या वरपर्यंत हवा आणि खडीचा दगड टोचणार नाही इतपत ताठ तळव्याचा हवा. हलका का, याचा हिशोब मांडून पाहा. पंधरा किलोमीटरला साधारण वीस हजार पावले पडतात. बूट दोनशे ग्रॅमने जड असला तर एका रात्रीत चार हजार किलो, म्हणजे चार टन जादा वजन उचलावे लागते. टेंडर उघडणाऱ्या साहेबांनी हा हिशोब केला आहे काय?

थांबणारा, म्हणजे गेटमन, पुलावरचा वॉचमन, धुक्यात सिग्नलपाशी फटाके लावायला उभा राहणारा, आणि ब्लॉक मिळण्याची वाट पाहात तासन् तास उभी असणारी गँग. यांना घाम येत नाही. यांची ऊब तळव्यातून जमिनीत जाते. यांच्यासाठी बूट कसा असावा हे शिकायचे तर बर्फावर मासे धरणाऱ्यांकडून शिकावे.

रशिया, फिनलंड, कॅनडा या देशांत हिवाळ्यात तळी गोठतात. तिथले लोक बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून सबंध दिवस बर्फावर बसतात. त्यांचे सगळे बूट-शास्त्र या बसून राहण्यातून आलेले आहे. रशियात लोकर कुटून, दाबून, बिनशिवणीचे जाड बूट करतात, त्यांना ‘वालेंकी’ म्हणतात. ओल लागू नये म्हणून त्यावर रबरी जोडा चढवतात. कॅनडा-अमेरिकेत खालचा भाग रबराचा, वरचा चामड्याचा आणि आत लोकरीच्या नमद्याचा सुटा मोजा, अशा बुटांची पद्धत आहे. रात्री हा आतला मोजा काढून वाळवायचा, सकाळी पुन्हा घालायचा. दोन्हींत तीन गोष्टी सारख्या आहेत: तळवा जाड, आतून सैल, आणि अस्तर काढून वाळवता येण्याजोगे. हौसेने मासे धरणारा माणूस स्वतःच्या पैशाने एवढा विचार करून बूट घेतो. मग पोटासाठी रात्रभर गेटवर उभ्या राहणाऱ्याच्या बुटाचा विचार सरकारने का करू नये?

आपल्या देशातही हे ज्ञान होते. काश्मीरमध्ये बर्फात चालायला भाताच्या पेंढ्याचे ‘पुलहोर’ करीत, कुलूकडे भांगेच्या तागाचे ‘पुला’ करतात. गरीब माणसाने हाताशी असलेल्या वस्तूतून कोरडी हवा पायाशी कोंडली, एवढेच. आज काश्मीर खोऱ्यात रेल्वे आहे. २०१३ साली बनिहालचा अकरा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, २०२५ साली चिनाबच्या पुलावरून गाडी श्रीनगरला गेली. त्या पुलाचे फोटो सर्व वर्तमानपत्रांनी छापले. रुळावरचे बर्फ काढणाऱ्या हातांचे आणि पायांचे फोटो फार थोड्यांनी छापले.

माप घेतल्याशिवाय बूट नको

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, मापाचा. आपल्या दुकानांत आठ नंबर, नऊ नंबर म्हणतात ते विलायतेचे माप आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले आणि भारतीय पाय विलायती पायापेक्षा पुढून रुंद असतो असे दाखवून दिले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आम्हाला हे वाचून नवल वाटले नाही. लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या आमच्या ट्रॅकमनचा पंजा पसरट असतो, हे प्रत्येक मुकादमाला ठाऊक आहे. पंजा मावावा म्हणून तो एक नंबर मोठा बूट घेतो, मग टाच आत खेळते आणि फोड येतो. टाचेचे माप घेतले तर पंजा आवळतो आणि बोटे गारठतात.

महिला ट्रॅकमनची अवस्था याहून वाईट आहे. स्टोअरवाले म्हणतात, पुरुषांचा पाच नंबर द्या. पण बाईचा पाय म्हणजे पुरुषाचा लहान केलेला पाय नव्हे, तिची टाच अरुंद असते. आमच्या कित्येक भगिनी बुटात फडके कोंबून ड्यूटी करतात. भरतीच्या वेळी समान संधीची भाषा होते. तीच भाषा इंडेंटमध्येही दिसली पाहिजे.

म्हणून आमच्या सभासदांना आमचे सांगणे आहे की माप देताना हयगय करू नका. संध्याकाळी, दिवसभराच्या चालीने पाय थोडा फुगलेला असताना माप द्या. ज्या मोज्यात ड्यूटी करणार तोच मोजा घालून बूट पाहा. उभे राहून बोटे हलवून पाहा, ती मोकळी हलली पाहिजेत. पुढे चालताना टाच उचलता कामा नये. शक्य तर चार पावले खडीवर चाला, दुकानाच्या फरशीवर सगळेच बूट चांगले वाटतात. बुटावर मानक संस्थेचा शिक्का आणि आयएस १५२९८ हा क्रमांक आहे का ते बघा. त्या मानकात ‘सी’ आणि ‘आय’ ही इंग्रजी अक्षरे असलेला बूट थंडीसाठी तपासलेला असतो. तो शून्याखाली सतरा अंशांच्या थंडीत अर्धा तास ठेवला तरी आतली उष्णता दहा अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये, अशी कसोटी आहे. पुढच्या टोपीबद्दल आणखी एक गोष्ट. रूळ-स्लीपर उचलणाऱ्याला ती हवीच. पण लोखंडी टोपी बोटांपाशी गारठा आणते. तेवढ्याच ताकदीची बिनलोखंडी टोपी बाजारात मिळते, ती मागा.

मोजा लोकरीचा घ्या. धनगराचे घोंगडे भिजले तरी ऊब देते आणि सुती चादर भिजली की अंगाला चिकटते, हे आपल्याला शिकवायला नको. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत ठेवा आणि मधल्या विश्रांतीत बदला. ओला बूट शेगडीजवळ ठेवू नका, तळव्याची चिकटवण सुटते आणि चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवा. गेटवर असाल तर सिमेंटच्या फरशीवर लाकडी फळी टाकून तिच्यावर उभे राहा, निम्मा गारठा तिथेच थांबतो. विडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि पाय अधिक गार पडतात, हे कडू असले तरी खरे आहे. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री पाय पाहावेत. बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

‘बूट दिले तर घालत नाहीत’

प्रशासनाचा एक ठरलेला आक्षेप आहे: बूट दिले तरी कामगार ते घालत नाहीत, गावी भावाला देतात, स्वतः चपलेवर येतात. हा आक्षेप सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण याचे कारण कुणी विचारले आहे काय? कामगार बत्ती विसरत नाही, पाना विसरत नाही, कारण त्यांच्याशिवाय काम होत नाही. जो बूट चावतो, घसरतो, दोन किलोमीटरवर फोड आणतो, तो घातल्याने काम होत नाही, म्हणून तो घरी राहतो. न वापरलेल्या बुटांचा ढीग ही निवड चुकल्याची पावती आहे. कामगारावर मेमो बजावून ती पावती फाडता येणार नाही.

दुसरे सांगतात की भत्ता घ्या आणि विकत घ्या. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून गणवेशाचे निरनिराळे भत्ते एकत्र करून ड्रेस अलाउन्स सुरू झाला. ट्रॅकमनला तो वर्षाला पाच हजार रुपये ठरला, पुढे महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर पाव हिश्शाने वाढायचा. जोड्यांचा जुना भत्ताही त्यातच विरघळला. आपल्यातल्या काही तरुण बंधूंना वाटते, रोख मिळाले ते बरे. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे, आणि तो आम्ही स्पष्ट मांडतो. रोख रक्कम घरात आली की ती मुलाच्या फीत जाते, आईच्या औषधात जाते, आणि त्यात गैर काही नाही. पण मग ट्रॅकमन तीनशे रुपयांच्या बुटात गस्त घालतो आणि जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. गणवेशाचा भत्ता गणवेशापुरता ठीक आहे. थंडीचा बूट हे कामाचे हत्यार आहे. पाना-हातोड्याचे पैसे कामगाराच्या हातावर ठेवून ‘तूच आण’ असे कुणी म्हणत नाही, मग बुटाबाबत का म्हणावे?

आणि ठेकेदाराच्या माणसांचे काय? त्याच लाईनवर, त्याच थंडीत, आपल्या शेजारी ती माणसे चपला घालून खडी ओढतात. त्यांचा हजेरीपट वेगळा असेल, त्यांचा गारठा वेगळा नाही. जी संघटना स्वतःच्या पायापुरते पाहते तिचा आवाज उद्या कुणी ऐकणार नाही.

आमच्या मागण्या

पुढील हिवाळ्यासाठी प्रत्येक शाखेने या मागण्या ठरावाने मंजूर करून वर पाठवाव्यात:

१) ऑगस्टअखेर प्रत्येक गँगमध्ये जाऊन प्रत्येकाच्या पायाची लांबी व रुंदी मोजावी. महिलांची मापे वेगळी घ्यावीत.

२) चालणारे व थांबणारे अशा दोन कामांसाठी दोन प्रकारचे बूट मागवावेत.

३) खरेदीपूर्वी नमुन्याचे जोड काही ट्रॅकमन व गेटमन यांना महिनाभर वापरायला द्यावेत. त्यांचा लेखी अभिप्राय टेंडरच्या फाईलला जोडावा, आणि केवळ कमीत कमी दरावर खरेदी होऊ नये.

४) दर हिवाळ्याला एकाआड एक वापरण्यासाठी दोन जोड व लोकरी मोज्यांचे तीन जोड द्यावेत. एका रात्रीत भिजलेला बूट एका दिवसात वाळत नाही.

५) बूट बदलण्याची मुदत कॅलेंडरवर ठरवू नये, तळवा झिजल्यावर ठरवावी.

६) गँगच्या टूल रूममध्ये बूट-मोजे वाळवण्याची सोय असावी.

७) ठेकेदाराच्या कामगारांना हेच बूट देण्याची अट ठेक्यातच घालावी.

८) ऑक्टोबरअखेर बूट पोचले नाहीत तर जबाबदार कोण, हे नावानिशी ठरवावे.

यातली एकही मागणी अशक्य नाही. गस्तीचा कागद वेळेवर निघू शकतो, तर बुटाचाही निघू शकतो. फरक एवढाच की गस्तीच्या कागदामागे अपघाताची भीती उभी असते. बुटाच्या कागदामागे संघटनेची ताकद उभी करावी लागेल, आणि ते काम आपले आहे. थंडी आल्यावर ओरडण्यात अर्थ नाही. ज्या शाखेने ऑगस्टमध्ये पायांची मापे घेऊन यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली, तिलाच नोव्हेंबरमध्ये टेबलावर हात आपटण्याचा अधिकार आहे. प्रत्येक शाखा सचिवाने पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीला येताना एक टेप आणि एक वही बरोबर आणावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!